आयबीएससाठी मेबेव्हेरिन आणि इसबगोल: काही महिन्यांच्या वापरानंतर

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणजे आतड्यात बिघाड दिसत नसतानाही पोटात कळ आणि बद्धकोष्ठ किंवा जुलाब होत राहण्याचा त्रास. गोव्यातला उन्हाळा, पावसाळा आणि चवथ (गणेशचतुर्थी), तिन्ही पार पडल्यावरचं मत आधीच सांगतो. गोळी कुठली, याइतकंच ती कधी आणि कशाबरोबर घेतली, यावर गुण अवलंबून असतो. मेबेव्हेरिन जेवून झाल्यावर घ्यायची आणि ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून द्यायची, असं फार होतं.

मेबेव्हेरिन आतड्याच्या स्नायूंचा पीळ सैल करते. अन्न पोटात पडलं की मोठं आतडं जोराने आकुंचन पावू लागतं आणि कळ तिथेच उठते, म्हणून औषध त्याआधी पोहोचायला हवं. १३५ मिग्रॅची साधी गोळी दिवसातून तीनदा, जेवणाआधी २० मिनिटं. २०० मिग्रॅची रिटार्ड कॅप्सूल दोनदाच, सकाळी आणि संध्याकाळी. ती फोडू किंवा चावू नये, औषध हळूहळू सुटण्याची तिची सोयच मोडते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. दोन आठवडे वेळ पाळूनही कळ तशीच असेल तर डॉक्टरांना सांगावं. गुण आला तरी डोस त्यांना विचारूनच हळूहळू उतरवावा.

पोटात कळ येते म्हटलं की फार्मसीतून पुष्कळदा डायसायक्लोमिन हाती पडतं. ते काम करतं, पण तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, लघवी अडते आणि घाम कमी येतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात घाम न येणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ते स्वतःहून घेऊ नये. सायक्लोपाममध्ये त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल असतं. वर तापाची गोळी घेतली तर पॅरासिटामॉल दुप्पट होतं. मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं, ते जठराला झोंबतं. लिब्रॅक्समधल्या क्लोरडायझेपॉक्साइड या गुंगी आणणाऱ्या औषधाची सवय लागू शकते. त्यावर उर्राक किंवा फेणी, म्हणजे काजूची दारू, घेणं तर धोक्याचंच.

बद्धकोष्ठाला आणि पातळ शौचाला, दोन्हीला उपयोगी पडणारं स्वस्त औषध म्हणजे इसबगोल. मात्र सुरुवात अर्ध्या-एका चहाच्या चमच्याने करावी आणि आठवड्याला थोडं वाढवत न्यावं. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले की पोट फुगतं आणि दोष इसबगोलावर येतो. भुसा पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, घट्ट होऊ देऊ नये, आणि वर आणखी पाणी घ्यावं. कोरडा तोंडात टाकला तर तो घशात फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास होणाऱ्यांनी किंवा आतडं अरुंद झालेल्यांनी तो घेऊच नये. झोपायला जाताना टाळावा. इतर औषधांपासून दोन तास आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावा. जूनपासून पुठ्ठ्याच्या खोक्यातला भुसा दमट होऊन गोळे होतो, म्हणून घट्ट झाकणाची बरणी हवीच. पदेराच्या (पाववाल्याच्या) पोईवरचा, म्हणजे गोव्याच्या गव्हाच्या पावावरचा, कोंडा मात्र इसबगोलाची जागा घेत नाही. तो पाण्यात विरघळत नाही आणि आयबीएसमध्ये गॅस, कळ वाढवू शकतो. चवथीच्या कडधान्यांचंही तसंच, तिथे गोळीच्या भरवशावर राहू नये.

लोपरामाइड खिशात असावं, पण रोजचं नसावं. ते जुलाब थांबवतं, कळ नाही. प्रवासाआधी तासभर २ मिग्रॅची एक कॅप्सूल सहसा पुरते. डॉक्टरांना न विचारता दिवसात चारच्या, म्हणजे ८ मिग्रॅच्या, पुढे जाऊ नये, कारण अति मात्रेने हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१६ मध्ये तसा इशारा दिला आहे. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर ते घेऊच नये. असे जुलाब आयबीएसचे नसतात, आणि कोंडलेला संसर्ग आणखी बिघडतो.

पेपरमिंट तेलाची कॅप्सूल अखंड गिळावी आणि अँटासिडबरोबर घेऊ नये. आवरण पोटातच विरघळलं की छातीत जळजळते. एवढ्यानेही भागलं नाही तर डॉक्टर रात्री १० मिग्रॅ अ‍ॅमिट्रिप्टिलिन (मुळात नैराश्यावरचं औषध) देऊ शकतात. इंग्लंडमधल्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १० ते ३० मिग्रॅचा चांगला उपयोग दिसला. ही नैराश्याची मात्रा नव्हे, तिचं काम आतड्याच्या संवेदना शमवण्याचं आहे. गुण यायला काही आठवडे लागतात. सकाळी गुंगी वाटत असेल तर स्कूटर चालवू नये.

वजन घटणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर आधी तपासणी, मग गोळ्या. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवायला जाताना चालू औषधांच्या स्ट्रिप बरोबर न्याव्यात. सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी करायची असेल तर त्याआधी पोई-चपाती बंद करू नये. गहू बंद असताना आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते.