मांजराच्या तोंडाचा वास: घरी ब्रश, दुकानातला खाऊ की भूल देऊन सफाई?

आमच्या बेळगावच्या वडगावात विणकरांच्या मागाच्या घरांत मांजर आलं ते हौसेनं नव्हे. सुताला आणि कांड्यांना उंदीर लागू नये म्हणून आलं, आणि मग घरचंच झालं. मांजराचे दात उंदीर धरायला असतात, यापलीकडं आम्ही कधी विचार केला नव्हता. मनीच्या तोंडाला वास मारायला लागला तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, "सुकट खातंय की ते, वास येणारच." मीही सहा महिने तसंच धरून चालले. मध्ये एकदा पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या. वास गेला आणि पंधरवड्यात परत आला. पुढं ती एकाच बाजूनं चावायला लागली, भाकरीचा घास तोंडातून खाली पडायला लागला. शेवटी मागच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. ते सहा महिने तिनं दुखणं सोसलं, याचं मला आजही वाईट वाटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं कुणी याच पेचात असेल तर त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

मासळीचा वास खाऊन झाल्यावर थोड्या वेळात विरतो. सकाळी उपाशीपोटीही येणारा कुजका वास हिरड्यांतून येत असतो. दातावर चिकट थर बसतो, तो काही दिवसांत घट्ट होऊन पिवळं-तपकिरी कीटण बनतो, आणि त्याच्या कडेनं जंतू हिरडीखाली शिरतात. दोन वास मात्र वेगळे आहेत. लघवीसारखा उग्र वास येत असेल आणि मांजर पाणी जास्त पीत असेल, तर मूत्रपिंडाकडं बघावं लागतं. गोडसर, पिकल्या फळासारखा वास मधुमेहात येतो. या दोन्हींत ब्रश काहीच करू शकत नाही, आधी रक्त तपासून घ्यायचं.

पैसे कुठं घालायचे हे ठरवण्याआधी दारातल्या उजेडात बसून ओठ हळूच वर करून बघा. मोठ्या मांजराला 30 दात असतात, पण बघायच्या त्या वरच्या मागच्या दाढा, कारण कीटण बहुतेक तिथंच आधी चढतं. दात पांढरे आणि हिरडी फिकट गुलाबी असेल तर निवड ब्रश आणि दातांसाठीचा खाऊ यांच्यातली आहे. हिरडीच्या कडेला लाल रेघ किंवा दातावर खपली दिसली, तर ब्रश आणि खाऊ दोन्ही सध्या राहू द्या आणि सफाईचं बघा. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवला तर मांजर जन्मभर ब्रशला भिईल.

ब्रश आणि खाऊ

दात निरोगी ठेवायला ब्रशच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि खर्चही त्याचाच सगळ्यात कमी. अडचण एकच, तो रोज करावा लागतो. थर घट्ट व्हायला फार दिवस लागत नाहीत, म्हणून रविवारी एकदा घासून उपयोग होत नाही. तान्ह्या बाळाचा मऊ ब्रश किंवा बोटात घालायचा रबरी ब्रश चालतो. फक्त बाहेरची बाजू घासायची, आतली बाजू मांजराची जीभ बरीच साफ ठेवते. प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट पुरे. घाई मात्र करू नका. पहिला आठवडा बोटावरची पेस्ट नुसती चाटू द्या. मग ओठ उचलायची सवय करा, मग दोन दात, मग चार. आमच्या मनीला तीन आठवडे लागले. पिल्लू साडेतीन ते सहा महिन्यांचं असताना दुधाचे दात पडत असतात आणि हिरड्या हुळहुळतात. तेवढे दिवस ब्रशची जबरदस्ती नको.

पेस्ट मांजराचीच हवी. आपली पेस्ट आपण थुंकतो, मांजर गिळतं, आणि तिच्यातलं फ्लोराइड आणि फेस आणणारी द्रव्यं त्याच्या पोटाला चालत नाहीत. यापेक्षा मोठी भीती मला आपल्या घरगुती उपायांची वाटते. निपाणी भागात मिसरी लावणारी माणसं अजून आहेत, आणि "जरा मिसरी लाव की त्याच्या दाताला" असं मी स्वतः ऐकलं आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि निकोटिन मांजराला विष आहे. लवंगेचं तेलही नको. माणसाच्या दाढेला ते बरं वाटतं, पण मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एका गोळीनंही मांजराचा जीव जाऊ शकतो.

आता खाऊ. कोरडं खाल्लं की दात आपोआप घासले जातात, असा समज आहे. साधा दाणा दाताचं टोक लागताच फुटतो, त्यानं काही घासलं जात नाही. दातांसाठी मुद्दाम केलेला दाणा मोठा आणि धागेदार असतो, दात आत रुतल्यावर मग तो फुटतो. पाकिटावर 'व्हीओएचसी'ची मोहोर आहे का बघा. ती मोहोर म्हणजे थर किंवा कीटण कमी होतं याचे पुरावे पशुदंततज्ज्ञांच्या मंडळानं तपासले आहेत. जे मांजर ब्रश जवळ येऊ देत नाही, किंवा बाहेरचं म्हणून हातात सापडत नाही, त्याच्यासाठी मी हा खाऊ घेईन. बाकीच्यांसाठी तो दुसऱ्या नंबरावर. देताना रोजचं खाणं तेवढं कमी करायचं, नाहीतर दात राहतात आणि वजन चढतं.

दातांसाठी पाण्यात घालायच्या द्रवाबद्दल माझं मन साशंक आहे. मांजर मुळातच पाणी कमी पितं. चव बदलली म्हणून त्यानं वाटीला तोंड लावणं सोडलं, तर मूत्रपिंडाला त्रास होईल. दातांसाठी म्हणून मिळणाऱ्या समुद्री शेवाळाच्या पुडीत आयोडीन असतं, थायरॉइडचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या मांजराला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आणि चढलेली खपली यातल्या कशानंच निघत नाही, ब्रशनंसुद्धा नाही.

जागेपणी खरडणं की भूल देऊन सफाई

इथं आपली माणसं सगळ्यात जास्त अडतात, कारण भुलीची भीती. मीही अडले होते. मांजर टॉवेलात गुंडाळून जागेपणी कीटण खरडून देतो असं कुणी म्हटलं की ते स्वस्त आणि सोपं वाटतं. दात पांढरे दिसतात हे खरं. पण घाण खरी असते हिरडीखाली, आणि जागं मांजर तिथं हत्यार लावू देत नाही. वरून पांढरं आणि आतून सडतंय, असं वर्षभर चालू राहतं आणि आपण निश्चिंत राहतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञ पशुदंतवैद्यांच्या संस्थेचाही या पद्धतीला विरोध आहे. माझ्या मते यावर एक रुपयाही घालू नये.

भूल दिल्यावर श्वासनळीत नळी घालतात, म्हणजे पाणी आणि घाण फुप्फुसात उतरत नाही. हिरडीखालून साफ करतात, एक्स-रे काढतात आणि शेवटी दात गुळगुळीत करतात. खरबरीत दातावर थर लगेच धरतो, म्हणून हे शेवटचं काम टाळू देऊ नका. भुलीत धोका शून्य नसतो. मात्र आधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत ठीक असेल तर तो बराच कमी होतो. मांजर म्हातारं आहे एवढ्याच कारणानं नाही म्हणू नये.

कुठं न्यायचं? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गायी-म्हशींचीच गर्दी असते. तरी ओठ उचलून बघायला आणि रक्त काढायला तिथं किंवा गावातल्या दवाखान्यात जायला हरकत नाही. डॉक्टर कानडी बोलणारे असले तरी अडत नाही, 'बेक्कु' (मांजर) आणि 'हल्लु' (दात) एवढे दोन शब्द आले तरी गोष्ट पोचते. सफाई मात्र जिथं दातांचा एक्स-रे आहे तिथंच करा, मग त्यासाठी कोल्हापूर नाहीतर हुबळी गाठावी लागली तरी. दोन्ही पुणे-बंगळूर हमरस्त्यावर आहेत आणि बेळगावहून साधारण शंभर किलोमीटरवर. निघण्याआधी फोनवर विचारा: आधी रक्त तपासता का, नळी घालता का, एक्स-रे तोंडातला काढता का, भुलीत मांजराला ऊब कशी देता, घरी जाताना दुखण्याचं औषध देता का. आणखी एक विचारा, तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा लावता का? तो फार ताणला तर मेंदूचा रक्तपुरवठा अडून मांजर आंधळं होऊ शकतं. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

दात वाचवावा की काढावा

माणसाच्या दाढेसारखी इथं सिमेंट भरायची सोय फारशी नाही. मांजरांत दात मुळापासून विरघळत जाण्याचा एक आजार बराच आढळतो. त्याचं कारण अजून पक्कं कळलेलं नाही, आणि तो दात काढणं हाच उपाय. वरून दात धड दिसतो आणि आत मूळ विरघळलेलं असतं, म्हणून तर एक्स-रेचा एवढा आग्रह धरला.

सगळं तोंड, अगदी घशापर्यंत लालभडक होतं, तिथं निवड जड आहे. स्टेरॉइडनं चार दिवसांत आराम पडतो, औषध थांबलं की दुखणं परत येतं, आणि बरेच दिवस चाललं तर मधुमेहाची भीती. मागच्या सगळ्या दाढा काढल्या तर खर्च मोठा आणि दुखणंही मोठं, पण बहुतेक मांजरांना त्यानंतर खरा आराम मिळतो. सगळ्यांनाच नाही, हेही मनाशी धरून ठेवा. मी असते तर दाढा काढायचं ठरवलं असतं.

"दात काढल्यावर उंदीर कसं धरणार?" हे मला घरात विचारलं गेलं होतं, आणि मागाच्या घरात तो प्रश्न खराच आहे. मांजर उंदीर धरतं ते पुढच्या सुळ्यांनी, आणि मनीचे सुळे शाबूत आहेत. दात नसलेलं मांजरही पोटभर खातं. दुखणारा दात असलेलं मात्र उपाशी राहतं. मनीला पहिले दोन आठवडे मऊ भात आणि कुस्करलेली मासळी दिली, हिरडी भरल्यावर ब्रश पुन्हा सुरू केला.

मांजरानं एक दिवसाच्या वर काहीच खाल्लं नसेल, लाळ गळत असेल, पंजानं तोंड ओरबाडत असेल, तर वर लिहिलेलं काही तोलत बसू नका. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते झपाट्यानं खालावतं. जो डॉक्टर जवळ असेल त्याच्याकडं त्याच दिवशी न्या, कोल्हापूर की हुबळी ते नंतर ठरवता येईल.