आधी हाड, मग कातडी? की दोन्ही सर्जन पहिल्यापासून?

नडगीचं हाड मोडून कातडी फाडून बाहेर आलं, तर उपचाराच्या दोन रीती दिसतात.

जुनी रीत टप्प्याटप्प्याची. अस्थिरोगतज्ज्ञ जखम धुतात, बाहेरून पिनांची चौकट बसवतात. हाड झाकायला मांस-कातडी पुरत नाही हे कळलं की प्लास्टिक सर्जनला निरोप जातो. तोवर कित्येक दिवस सरतात, उघडं हाड सुकतं, जंतू शिरतात. कधीकधी पिन नेमकी तिथेच ठोकलेली असते जिथून फ्लॅप, म्हणजे जखम झाकायला रक्तपुरवठ्यासकट आणलेला मांस-कातडीचा तुकडा, फिरवायचा होता! नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर जेमतेम कातडीच असते, त्यामुळे इथे चुकीला फारशी माफी नाही.

दुसऱ्या रीतीत दोघेही पहिल्याच ऑपरेशनला हजर. मेलेला भाग किती काढायचा, छेद कुठून वाढवायचा, पिना कुठे टाळायच्या, हे एकत्र ठरतं. पाय वाचवायचा की कापायचा, हा अवघड निर्णयही एकाच्या डोक्यावर राहत नाही. स्लोव्हेनियातले सर्जन मार्को गोदिना यांच्या १९८६ च्या अभ्यासात ७२ तासांच्या आत फ्लॅप केलेल्यांमध्ये फ्लॅप निकामी होणं आणि जंतुसंसर्ग, दोन्ही उशिरा केलेल्यांपेक्षा बरेच कमी होते. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनाही ७२ तासांचीच मुदत घालतात.

माझा कौल दुसऱ्या रीतीला. अडचण एवढीच, की त्यासाठी बहुधा मोठ्या केंद्रात हलवावं लागतं. अँटिबायोटिक मात्र त्याआधीच, शक्यतो तासाभरात सुरू व्हायला हवं. छोटी, सहज शिवता येणारी जखम असेल तर एकटे अस्थिरोगतज्ज्ञही पुरतात.