सीआयसीचा आकडा उतरला, आजार वाढत राहिला

सांधेदुखी, न जाणारा थकवा आणि गालांवरचं लालसर पुरळ घेऊन माझी ताई एका क्लिनिकमध्ये गेली. तिथे तिला सर्क्युलेटिंग इम्यून कॉम्प्लेक्स, म्हणजे सीआयसी, ही रक्ततपासणी करायला लावली. आकडा जास्त आला. “रक्तात विषारी गाठोडी साठली आहेत, ती विरघळवायला हवीत,” असं सांगून एन्झाइमच्या गोळ्या, सलाइनमधून इंजेक्शनं आणि फेरतपासण्या असं मोठं पॅकेज तिच्या गळ्यात मारलं. पैसे सगळे आगाऊ.

हे कॉम्प्लेक्स म्हणजे विष नव्हे. बाहेरून आलेल्या किंवा शरीराच्याच एखाद्या पदार्थाला प्रतिपिंड (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं) चिकटले की ते तयार होतात. निरोगी माणसातही होतात, साध्या संसर्गात वाढतात, आणि यकृत व प्लीहा त्यांचा निचरा करत असतात. त्यामुळे नुसता आकडा जास्त आला म्हणून कोणताही आजार ठरत नाही. हे तिला कुणीही सांगितलं नाही.

फेरतपासणीत आकडा खाली आला आणि औषध लागू पडलं म्हणून तिचं अभिनंदन झालं. मला याचाच सर्वांत जास्त संताप येतो. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तर एककं वेगळी, आणि पद्धतीचं नाव एकावरही नाही. सीआयसी मोजायच्या पद्धती अनेक आहेत. काही सी१क्यू या प्रथिनाला चिकटणारे कॉम्प्लेक्स पकडतात, काही ‘राजी’ नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी वापरतात, काहींत पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालून साका बसवतात. प्रत्येकीत वेगळं काहीतरी मोजलं जातं, म्हणून एकीचा आकडा दुसरीशी ताडून पाहताच येत नाही. शिवाय नमुना नीट ठेवला नाही तर प्रतिपिंडांचे आपोआप गोळे होतात आणि आकडा खोटाच फुगतो.

या सगळ्या काळात तिची लघवी एकदाही तपासली गेली नाही. पाय सुजायला लागल्यावर आम्ही तिला संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी एएनए आणि अँटी-डीएसडीएनए (शरीराच्याच पेशींविरुद्धचे प्रतिपिंड), सी३ आणि सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं, कॉम्प्लेक्समुळे ती खर्ची पडतात) आणि लघवीतलं प्रथिन तपासलं. सी३ आणि सी४ दोन्ही घसरलेले, लघवीतून प्रथिन भरपूर जात होतं. पुढे मूत्रपिंडाची बायोप्सी झाली आणि निदान ठरलं : ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या ल्युपस या आजारामुळे मूत्रपिंडाला आलेली सूज. जे कॉम्प्लेक्स विरघळल्याचा दावा होता, तेच मूत्रपिंडाच्या गाळण्यांत बसले होते. ल्युपस नेफ्रायटिसमध्ये नुकसान होतं ते तिथे. रक्तात फिरणाऱ्यांचा आकडा त्याची खात्रीची खबर देत नाही.

कुणी सीआयसी करायला सांगितलं तर आधी विचारा, कोणत्या आजाराच्या संशयासाठी, आणि निकाल काहीही आला तरी उपचारात काय बदलणार? रिपोर्टवर पद्धत, एकक आणि त्या प्रयोगशाळेची संदर्भमर्यादा मागा. ल्युपसचा संशय असेल तर लघवीची तपासणी त्याच दिवशी करून घ्या, ती साधी आणि स्वस्त आहे. आणि पावतीवर प्रत्येक तपासणीचं, औषधाचं नाव लिहून घ्या. ताईच्या पावतीवर फक्त ‘पॅकेज’ एवढंच आहे, त्यामुळे तक्रार करताना आम्हाला कोणतं इंजेक्शन दिलं हेसुद्धा सांगता येत नाही.