निवेदकाचा आवाज ऐकून कादंबरी निवडावी

‘एखादी चांगली कादंबरी सुचवा’ असे कोणी म्हटले की आपण दोन-चार प्रसिद्ध नावे सांगतो, किंवा ऐतिहासिक हवी, पौराणिक हवी, ग्रामीण हवी की रहस्यमय हवी, असे विचारतो. ग्रंथालयातील कपाटे लावण्यासाठी ही विभागणी सोयीची असली, तरी वाचकाला तिचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे ठाम मत आहे. थकलेल्या, शोकात बुडालेल्या, चिडलेल्या किंवा नुसत्याच कंटाळलेल्या माणसाला पुस्तकाचा विषय काय आहे हे कळण्यापेक्षा पुढचे काही दिवस आपल्याशी कोण बोलणार आहे आणि कशा सुरात बोलणार आहे, हे कळण्याची गरज अधिक असते. त्यामुळे पुढच्या शिफारशी मी निवेदनाच्या आवाजावरून केल्या आहेत. सर्व कादंबऱ्या मराठी आहेत आणि त्यांतील पुष्कळशा वाचकांनी निदान नावाने तरी ऐकलेल्या असतील.

विषयावरून केलेली निवड कशी फसते, हे पौराणिक कादंबऱ्यांत स्पष्ट दिसते. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९) या दोन्ही महाभारतातून उगवल्या आहेत, दोन्हींत पात्रे आळीपाळीने स्वतःच्या तोंडून कथा सांगतात, आणि कपाटात त्या बहुधा शेजारीच सापडतात. तरीही एकीच्या जागी दुसरी देता येत नाही. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण बोलतात, पण या सहा जणांचे बोलणे अखेर एकाच माणसाभोवती फिरते आणि वाचकाच्या मनात त्या माणसाविषयीचे प्रेम वाढवत नेते. आपल्यावर अन्याय झाला आहे, आपली योग्यता कोणी ओळखली नाही, असे ज्याला वाटत असते, त्याला हे पुस्तक कवेत घेते. तारुण्याच्या उंबरठ्यावर ते वाचणाऱ्यांना त्याची पाने पाठ होतात, याचे मला कधीच आश्चर्य वाटलेले नाही. सावंतांची भाषा उपमांनी ओथंबलेली आहे आणि प्रौढपणी वाचताना काही ठिकाणी ती आवरायला हवी होती असेही वाटते. परंतु भारावून जायचे असेल तेव्हा संयमी भाषा काय कामाची?

‘ययाति’त ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत, आणि तेथे प्रत्येक जण आधीच्याचे म्हणणे खोडून काढतो. देवयानीचा अहंकार ययातीच्या तोंडून ऐकताना राग येतो, आणि तीच स्वतः बोलू लागली की त्या अहंकारामागचा अपमान दिसू लागतो. सहानुभूती कोणा एकावर ठेवता येत नाही, आणि ययातीची कधीही न शमणारी भोगाची भूक वाचकाला स्वतःच्या हावेचा हिशेब मांडायला लावते. म्हणून ही कादंबरी करमणुकीच्या अपेक्षेने हाती घेऊ नये. मराठीला पहिले ज्ञानपीठ १९७४ साली खांडेकरांमुळे मिळाले, तेव्हापासून अनेक जण ती कर्तव्य म्हणून वाचतात आणि खांडेकरांच्या सुभाषितवजा वाक्यांनी कंटाळून अर्ध्यावर सोडतात. रोज एकाच निवेदकाचा थोडासा भाग वाचून पुस्तक मिटून ठेवले, तर ती वाक्ये जड वाटत नाहीत.

ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी थोडक्यात एवढेच सांगेन की मोहीम, डावपेच आणि रणधुमाळी हवी असेल तर विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) घ्यावी, आणि इतिहासातल्या माणसांच्या घरात शिरून त्यांचे दुःख जवळून पाहायचे असेल तर रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) घ्यावी. माधवराव आणि रमाबाई यांचे सहजीवन तिथे ज्या हळुवारपणे येते, तो हळुवारपणा ‘पानिपत’च्या वाचकाला कदाचित संथ वाटेल.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) तरुणांना बंडखोरीची कादंबरी म्हणून सुचवली जाते. पांडुरंग सांगवीकरचे वसतिगृह, खानावळ, मित्र, परीक्षा आणि वडिलांशी असलेले वैर यांमुळे ती तशी वाटतेही, आणि ‘उदाहरणार्थ’ व ‘वगैरे’ या शब्दांनी चालणारे त्याचे बोलणे पुष्कळ हसवते. पण मला ती मराठीतील शोकाची सर्वांत प्रामाणिक कादंबरी वाटते. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा तोवर सगळ्याची टर उडवणारा हाच आवाज एकाएकी उघडा पडतो. त्याला रडण्यासाठी वेगळी, भारदस्त भाषा सापडत नाही. ज्या शब्दांत तो खानावळीविषयी बोलत होता, त्याच तोडक्या शब्दांत त्याला मनीविषयी बोलावे लागते, आणि म्हणूनच ती पाने सहन होत नाहीत. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर पहिल्या काही आठवड्यांत ही कादंबरी कोणाला देऊ नये. मात्र सांत्वनाच्या ठरीव वाक्यांचा वीट आल्यानंतर, आपल्यासारखाच न सावरलेला कोणीतरी सोबतीला हवासा वाटतो, त्या वेळी तिच्याइतके योग्य पुस्तक मला माहीत नाही.

एका बैठकीत संपेल असे पण मनातून लवकर न जाणारे काही हवे असेल, तर विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ घ्यावी. ती १९३९ साली प्रसिद्ध झाली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोप सोडून पूर्वेकडे निघालेल्या ज्यू निर्वासितांना घेऊन जाणाऱ्या बोटीवर ती घडते. चक्रधर हा निवेदक मुळीच लोभस नाही. प्रेमात मिळालेल्या नकाराचा सूड तो समस्त स्त्रीजातीवर उगवू पाहतो आणि बोटीवर भेटलेल्या हॅर्टा या ज्यू तरुणीकडेही प्रारंभी त्याच नजरेने पाहतो. त्याच्या तुटक, कोरड्या वाक्यांतून त्याचा स्वतःवरचा ताबा सुटत जातो, तेव्हा वाचकाला ते त्याच्या आधी कळते; बेडेकरांचे खरे कौशल्य या अंतरात आहे. प्रेमकथा नको, निदान गोडगोड तरी नको, असे म्हणणाऱ्याला ही प्रेमकथा अवश्य द्यावी.

‘रणांगण’ आवडल्यास मालती बेडेकर यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने लिहिलेली ‘बळी’ (१९५०) लगेच वाचावी. विश्राम बेडेकरांच्या त्या पत्नी. कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवणाऱ्या वसाहतीचे जीवन त्यांनी तिथे रेखाटले आहे. एकाच घरातील दोघांनी, एकाने बोटीवर आणि दुसरीने कुंपणाआड, अडकवून ठेवलेल्या माणसांविषयी लिहावे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशा आस्थेने बोलली जात नाही.

छोट्या आकाराची पण अगदी वेगळ्या प्रकृतीची कादंबरी म्हणजे पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (१९६२). ती संपूर्णपणे सावित्रीने लिहिलेल्या पत्रांची आहे, आणि त्या पत्रांना आलेली उत्तरे आपल्याला कधीच दिसत नाहीत. त्यामुळे समोरचा माणूस कसा असेल, काय म्हणाला असेल, हे सावित्रीच्या ओळींमधून उमगत जाते आणि वाचक नकळत त्या माणसाच्या जागी बसतो. मोराची वाट पाहणाऱ्या लच्छीची गोष्ट तिच्यातच आहे. मन स्वच्छ आणि निवांत असेल तेव्हाच ही पत्रे उघडावीत, कारण प्रवासात किंवा गोंगाटात वाचली तर त्यांत काही घडतच नाही अशी तक्रार होते.

आता ज्या पुस्तकासाठी मला सर्वांत अधिक आग्रह धरावासा वाटतो, त्याकडे येतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ‘ग्रामीण’ या शिक्क्यामुळे कित्येक वाचकांपर्यंत पोहोचतच नाही. खेड्यातील दारिद्र्य, म्हणजे ठरलेले हाल आणि ठरलेले अश्रू, असे गृहीत धरून ते तिला टाळतात. कौतिक ही महादेव शिंप्याची बायको. संसार उभा राहावा म्हणून ती जिवाचे रान करते, नवऱ्याला नव्या गावी आणते, मुलाने शिकावे म्हणून झुंजते, आणि नवऱ्याला महारोग होतो. एवढ्या संकटांची नुसती यादी ऐकली तर कादंबरी रडकी वाटेल. ती तशी होत नाही, कारण शेळके कौतिकची कीव करत नाहीत आणि वाचकालाही करू देत नाहीत. तिचे भांडण, तिचा हिशेबीपणा, तिचा आशाळभूतपणा, हे सगळे वऱ्हाडी बोलीतल्या संवादांतून इतके जिवंत उभे राहते की आपण तिच्या बाजूने भांडायला लागतो. बोलीची अडचण वाटणाऱ्यांनी पहिली काही पाने मोठ्याने वाचावीत. डोळ्यांना अनोळखी वाटणारे शब्द कानांना बहुतेक वेळा कळतात, आणि एकदा लय सापडली की पुढे थांबावे लागत नाही. हा उपाय आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’लाही (१९७१) लागू पडतो. तिथे तर सगळे निवेदनच नारबा या शेतगड्याच्या बोलीत आहे आणि ट्रॅक्टर आल्यावर त्याच्या जनावरांचे काय होते हे त्याच्याच तोंडून ऐकावे लागते.

आपण करतो त्या कामाला काही अर्थ आहे का, हा प्रश्न छळत असेल तेव्हा प्रभाकर पेंढारकर यांची ‘रारंग ढांग’ (१९८१) वाचावी. हिमालयात रस्ता बांधणाऱ्या सीमा सडक संघटनेत विश्वनाथ मेहेंदळे हा तरुण अभियंता दाखल होतो. कडा फोडायचा असतो, माणसे मरत असतात, आणि लष्करी शिस्त व स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांत त्याला निवड करावी लागते. पेंढारकर चित्रपटांच्या जगातून आलेले असल्यामुळे दृश्ये डोळ्यांसमोर लख्ख उभी राहतात. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’तही (१९५५) कामच आहे. धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर तिथे स्वतःच बरेच काही शिकतो, पण तेथला आवाज अगदी शांत आहे आणि मास्तर आपल्या भावना फारशा सांगतच नाही. अस्वस्थ असाल तर ‘रारंग ढांग’, थकलेले असाल तर ‘बनगरवाडी’. आणि माणसांचाच उबग आला असेल, तर गो. नी. दांडेकर यांच्या ‘माचीवरला बुधा’च्या सोबतीने राजमाचीच्या रानात राहून यावे.

सत्तेविषयी चीड दाटून आली असेल, तर अरुण साधू यांची ‘सिंहासन’ (१९७७) हाताशी ठेवावी. जब्बार पटेल यांचा चित्रपट पाहिलेला असला तरी कादंबरीतील गुंतागुंत वेगळी वाचण्यासारखी आहे.

भीती वाटून घेण्याची इच्छा ही वाचनाची अगदी रास्त इच्छा आहे आणि तिला कमी लेखू नये. नारायण धारप यांच्या भयकादंबऱ्या ज्या सरळ, विश्वासू सुरात अघटित सांगतात, त्या सुरामुळेच रात्री दिवा मालवायला जीव धजत नाही. चिं. त्र्यं. खानोलकर यांची ‘कोंडुरा’ (१९६६) वाचताना भीतीचे रूप बदलते. नायकाला झालेला साक्षात्कार खरा की भ्रम, हे निवेदक सांगत नाही, आणि वाचकाचा पाय कुठेच टेकत नाही. याच संदर्भात एक सूचना करावीशी वाटते. ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट पाहून श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’कडे (१९८७) वळणाऱ्यांनी तेथे त्या कथेचा शोध घेऊ नये, साम्य नावापुरतेच आहे आणि तशी भीती हवी असेल तर धारपच वाचावेत. पेंडशांचे दोन जाडजूड खंड एका घराण्याच्या चार पिढ्यांचे आहेत, आणि त्यांचा खरा वाचक तो, ज्याच्यापुढे मोकळी सुट्टी आहे व ज्याला पुस्तक संपू नये असे वाटते. सुरुवातीला नातेसंबंधांचा एक तक्ता कागदावर काढून ठेवला तर बरे पडते.

विज्ञानकथेकडे मराठी वाचक अजूनही संकोचाने पाहतो. जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ त्या संकोचावर चांगला उतारा आहे. उत्खननात सापडलेल्या एका प्राचीन पेटीतून कथा सुरू होते आणि एखाद्या रहस्यकथेसारखी पुढे सरकते. पात्रांचे अंतरंग मात्र तिथे फारसे शोधू नये.

घरात, नात्यात किंवा नोकरीत आपला आवाज दाबला जातो आहे असे वाटणाऱ्या वाचकांसाठी कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) आहे. मोडलेल्या संसारातून बाहेर पडून प्रफुल्ला महिला सरपंचांमध्ये काम करू लागते, आणि त्यांच्या हकिकती ऐकता ऐकता तिचे स्वतःचे बोलणे धीट होत जाते. मांडणी काही वेळा अहवालासारखी वाटते, हा आक्षेप मला मान्य आहे; पण ज्या बायकांना कोणी विचारलेच नव्हते त्यांचे म्हणणे नोंदवताना ती मांडणी मला योग्यही वाटते.

शेवटी, ज्यांचे वाचन कित्येक वर्षे सुटलेले आहे आणि ज्यांना पुन्हा सुरुवात करायची आहे, त्यांना मी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) देतो. आणीबाणीच्या काळात नववीत असलेला मुकुंद जोशी शिरोडकर या आवडत्या मुलीविषयी, मित्रांविषयी, मास्तरांविषयी जे बोलतो, ते समजण्यासाठी कोणत्याही पूर्वतयारीची गरज लागत नाही. त्याचा आवाज इतका मोकळा आहे की पन्नास पाने कधी झाली ते कळत नाही, आणि मोठ्या माणसांच्या जगातली दडपशाही त्या मोकळेपणाच्या कडेकडेने आत येत राहते. ती संपल्यावर लगेच ‘कोसला’ उघडू नये. मध्ये ‘बनगरवाडी’ वाचावी, म्हणजे मुकुंदच्या आणि पांडुरंगच्या आवाजांची सरमिसळ होणार नाही.