धूपदाळ: बंधाऱ्यामागच्या उथळ पाण्यातले करकोचे

बेळगावहून गोकाकचा धबधबा पाहायला जाणारी बहुतेक मंडळी धूपदाळच्या बंधाऱ्याकडे न वळताच परततात. गेल्या जानेवारीत तिथे अख्खी सकाळ घालवल्यापासून मला याची फार हळहळ वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घटप्रभेवर बांधलेला हा दगडी बंधारा पाणी साठवण्यापेक्षा ते कालव्याच्या तोंडापर्यंत चढवण्यासाठी आहे. साठवणीचा भार आता वरच्या अंगाचे हिडकल धरण उचलते. त्यामुळे बंधाऱ्यामागचे पाणी ऐसपैस पसरलेले असले तरी उथळ आहे, त्यात गाळाची बेटे तयार झाली आहेत, आणि पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जो गाळ अडचणीचा, त्यानेच पक्ष्यांना उभे राहायला आणि चरायला जागा दिली आहे. १९७४ साली हा जवळपास ३० चौरस किलोमीटरचा परिसर घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

आम्ही सात वाजता पोहोचलो तेव्हा पाण्यावर धनवर बदके आणि चांदवे एवढेच होते. कांड्या करकोचे सकाळी आसपासच्या शेतांत दाणे टिपायला जातात आणि ऊन चढले की पाण्यावर येतात, हे सोबतच्या काकांना ठाऊक होते, म्हणून आम्ही थांबलो. साडेनऊच्या सुमारास आधी घोगरा आवाज ऐकू आला आणि मग रांगा धरून थवा बेटावर उतरला. दुर्बिणीतून लाल डोळ्यामागचा पांढराशुभ्र तुरा आणि छातीवर लोंबणारी काळी पिसे स्पष्ट दिसत होती. मध्य आशियातून येणारा हा पक्षी आपल्या घटप्रभेच्या चिखलात निवांत उभा आहे, हे पाहताना काकांच्या हातून दुर्बीण सुटेना.

दहाच्या पुढे मात्र सहलीला आलेल्या एका गटाने मोठ्याने गाणी लावली आणि काही मिनिटांत अर्धा थवा उठून गेला. अशा ठिकाणी ध्वनिक्षेपकाला सक्त मनाई असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ५२ मीटर उंचीच्या धबधब्याला तेव्हा फारसे पाणी नसते. त्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये वेगळी फेरी करावी. निघण्यापूर्वी ओळखीच्या कोणाकडून बंधाऱ्यातील पाण्याची पातळी विचारून घ्यावी, कारण पाणी तुडुंब असले की बेटे बुडतात आणि करकोचे दुसरीकडे उतरतात.