सोलापूरच्या उन्हाळ्यात कॅलेथिया की अ‍ॅग्लोनेमा?

दोन्ही घरात ठेवायची शोभेची झाडं, दोन्हींची पानं नक्षीदार, पण सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की फरक कळतो. कॅलेथिया मूळची दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांतली. एप्रिलमध्ये आमच्या झाडाच्या पानांच्या कडा पापडासारख्या कुरकुरीत झाल्या, बोटाने दाबलं की चुरा. कोरडी हवा आणि बोअरचं क्षारांचं पाणी, दोन्ही तिला सोसत नाही. आता मी आरओचं पाणी घालते, कुंडी ओल्या खड्यांच्या ताटलीवर ठेवते. रात्री तिची पानं हात जोडल्यासारखी वर मिटतात. ते बघायला मिळतं म्हणून एवढं करते.

अ‍ॅग्लोनेमा सोशिक. वरची दोन बोटं माती सुकली की पाणी, बस्स. पहिलंच झाड घेत असाल तर हीच घ्या. फक्त डिसेंबरच्या गार रात्री तिला उघड्या खिडकीत ठेवू नका.