ड्राफ्ट की लिलाव, एजंट कुठे कामाचा?

ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर पोरांना आणणारे पालक सारखं विचारतात, खेळाडूच्या वतीने कराराचं बोलणारा एजंट कधी करायचा, मी म्हणतो आधी सिस्टिम बघा. आयपीएलच्या लिलावात 2025 ला सगळ्यात कमी बेस प्राईस, म्हणजे बोली सुरू होते ती किंमत, 30 लाख होती, पुढे बोली लागेल तीच फी, एजंट त्यात घासाघीस करू शकत नाही. एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये टीम पाळीपाळीने नवे खेळाडू उचलते, पहिल्या राउंडचा पगार लीगच्या ठरलेल्या तक्त्याने जवळपास ठरलेलाच. दुसऱ्या राउंडला मात्र तशी गॅरंटी नाही, 2015 ला आपला सतनाम सिंग 52वा निवडला गेला पण एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही, अशा पोराला चांगला एजंटच लागतो. मला लिलाव जास्त जिव्हारी लागतो, 'अनसोल्ड' हा शब्द घरचे टीव्हीवर लाईव्ह ऐकतात हो. आणि सिलेक्शनचं आमिष दाखवून आधीच पैसे मागणाऱ्याला दारातही उभं करू नका.